वरोऱ्याची भाजी आणि आमचे पापड



परवा पापड लाटताना एक जुनी गोष्ट आठवली. बाबा आमटे आणि साधनाताईंनी १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या माळरानावर सहा कुष्ठरोग्यांना घेऊन आनंदवन सुरू केले. विहीर खणली, भाजी पिकवली. पण गावात ती कोणी घेईना. ज्या हातांनी पिकवली, त्या हातांची भीती!

१९५४ मध्ये सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे तरुण तिथे आले. ही संस्था पियर सेरेसोल या स्विस माणसाने १९२० मध्ये सुरू केली होती. देशोदेशींच्या या मुलांनी रुग्णांबरोबर राबून दवाखान्याचे पक्के बांधकाम केले, त्यांच्यातच राहिली, जेवली. वरोऱ्याचे लोक कुतूहलाने बघायला येऊ लागले. या मुलांना काही होत नाही हे पाहिले आणि हळूहळू भाजी खपू लागली.

मी कॉमर्सची, म्हणून जमाखर्च मांडते. काम संपले, पाहुणे गेले. इमारत राहिली, पण खरी शिल्लक म्हणजे शेजाऱ्यांची गेलेली भीती. ती नसती तर दवाखाना असूनही ती माणसे एकटीच राहिली असती. आज ज्याला समाजाधारित पुनर्वसन म्हणतात, त्याचे मर्म हेच. बाहेरचा माणूस सुरुवात करून देईल, रोजचे मात्र घरच्यांनी आणि गल्लीनेच करायचे. आपल्याच माणसांकडून भाजी घ्यायला परक्या मुलांनी तिथे राहून दाखवावे लागले, याची लाजही वाटते.

ती लाज माझीही आहे. आमच्या जालन्यातल्या गल्लीत एक मुलगी आहे, लहानपणापासून पायांनी अधू. तिच्या आईशी मी रोज बोलते. पण इतक्या वर्षांत पापडाला तिला कधी बोलावले नाही. "कशाला तिला त्रास," असे म्हणायचे. त्रास तिला नव्हता, मला होता. वैयावृत्त्य हे आपल्याकडे आभ्यंतर तप. साधू-साध्वींची सेवा आपण चुकवत नाही, मग शेजारचे दार का चुकते?

यंदा मी स्वतः जाऊन तिला घेऊन आले. पाटावर टेकून बसली आणि दोऱ्याने लाट्या कापू लागली. एकसारख्या, अगदी मोजून घ्याव्यात अशा. आमच्या हातांना तिचा वेग पुरेना.

निघताना म्हणाली, "मावशी, उद्या किती वाजता?"

तुमच्या गल्लीतही असे एक दार असेल. पापडाचे दिवस आहेत, जाऊन या.