थंड इंजिन काय सांगणार?

आमच्या धंद्यात बहुतेक रोगांवर एकच औषध आहे. रीस्टार्ट. सर्व्हर अडकला, रीस्टार्ट. नेट गेलं, राउटर रीस्टार्ट. पण ज्याला रीस्टार्टचाच रोग झालाय त्या यंत्राचं काय करायचं, हे इंजिनियरिंगच्या चार वर्षांत मला कुणी शिकवलं नव्हतं.

तर झालं असं. दिवाळीला घरी, दोंडाईच्याला गेलो होतो. आमच्या आप्पांनी तीसेक वर्षं डिझेल इंजिनं दुरुस्त केली. तेव्हा तापीकाठच्या शेतांवर पाणी ओढायला तीच असायची. मग विजेच्या मोटारी आल्या आणि आप्पांचं गॅरेज हळूहळू गप्प होत गेलं. आता शटर उघडतात ते मुख्यतः पेपर वाचायला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्यांना शोधत एक नाववाला आला, थेट धडगावच्या पलीकडून, नर्मदेच्या काठावरून.

हा सगळा भाग १९९८ पर्यंत आमच्याच धुळे जिल्ह्यात होता, आता नंदुरबारमध्ये आहे. सरदार सरोवराचं पाणी मागे पसरलं त्यात महाराष्ट्राची ३३ गावं सापडली. २०१७ साली धरण १३८.६८ मीटर या पूर्ण उंचीला गेलं. काठावर, डोंगराच्या सोंडांवर जे पाडे राहिलेत त्यातल्या कित्येकांना नाव हीच एसटी. बाजार, दवाखाना, शाळा, सगळं नावेतून.

या माणसाचं इंजिन एका सिलिंडरचं, हँडल मारून चालू करायचं. सकाळी पहिल्या हँडलला लागतं. पण तासभर चालवून बंद केलं की संपलं! चार जणांनी आलटून पालटून हँडल मारलं तरी नुसता फुसफुसतो. दीड-दोन तास थांबलं की पुन्हा जसं काही झालंच नाही. दोन मेकॅनिकांना दाखवून झालं होतं. इंजिन उतरवून तालुक्याला न्यायचं, तोवर ते थंड, तिथे पहिल्या हँडलला चालू. "आमच्याकडे तर चालतंय!" (हे वाक्य मी आठवड्यातून तीनदा टेस्टिंगवाल्यांना ऐकवतो. त्या दिवशी पहिल्यांदा त्याची लाज वाटली.) तरी पैसे घेतलेत म्हणून फिल्टर बदलला, नोझल बदललं, एकाने तर रिंगा बदलल्या.

"सकाळी पहिल्या हँडलला लागतं ना?" आप्पांनी विचारलं.

"हां, मिस्तरी."

"मग रिंगा कशाला बदलल्या?"

मलाही कळलं नव्हतं. आप्पांचं गणित सोपं होतं. रिंगा झिजल्या तर कॉम्प्रेशन कमी पडणार, आणि त्याचा त्रास थंडीत सकाळी आधी होणार. इथे सगळं उलट आहे.

मग त्याने काय उपाय काढला होता? इंजिन बंदच करायचं नाही. सकाळी चालू केलं की संध्याकाळपर्यंत धडधड चालू. प्रत्येक पाड्याला नाव टेकते, शाळेची पोरं पाण्यातून चढतात-उतरतात, आणि मागे पाण्याखाली पंखा त्याच शाफ्टवर फिरतोय. क्लच कधीच गेलेला. "एकदा एका पोरीचा टॉवेल ओढला गेला," तो म्हणाला. टॉवेलच. पण त्यानंतर त्याला झोप नव्हती.

मी म्हटलं, इंजिन इथे आणू, बघू. आप्पा चपला शोधत होते. "थंडं इंजिन माले काय सांगी!"

मग काय, शहादा, पुढे सातपुड्याचा घाट, गाडी मी चालवली. नाव तासभर फिरवली आणि आप्पांनी भर पाण्यात इंजिन बंद करायला लावलं. एवढी शांतता मला पचेना. दहा मिनिटांनी हँडल. नाही. पुन्हा. नाही.

"हात लाई दख," आप्पा मला म्हणाले. डिझेल पंपाला हात लावला, चटका बसला. इंजिन चालू असतं तोवर नदीचं पाणी फिरून त्याला गार ठेवतं. बंद केलं की पाणी थांबतं आणि अंगातली सगळी उष्णता पंपात उतरते. आप्पांनी गोणपाटाचा तुकडा नदीत बुडवून पंपावर गुंडाळला, वरून तांब्याने पाणी. फक्त पंपावर. तापलेल्या हेडवर पाणी टाकलं तर तडा जाईल, हे त्यांनी नाववाल्याला दोनदा बजावलं. पाचेक मिनिटं गेली. हँडल.

दुसऱ्या फेऱ्याला लागलं!

कारण असं. पंपात एक दांडी एका नळीत वरखाली होते, दोन्ही मिळून 'एलिमेंट'. दोघांमधली फट दोन-चार मायक्रॉनची. आपला केस साठ-सत्तर मायक्रॉन. झिजून ती फट जरा वाढली की डिझेल तिथून मागे गळतं. थंड डिझेल दाट असतं, कमी गळतं. तापलं की पातळ. हाताने हँडल फिरवताना दांडी सावकाश चालते, मग गळायला भरपूर वेळ मिळतो आणि नोझल उघडण्याइतका दाब येतच नाही. चालू इंजिनात वेग इतका की गळायला फुरसतच नाही. म्हणून दिवसभर तक्रार नाही. आणि झिजलं कशाने? काठावर डिझेल कॅनमधून येतं, धूळ आणि पाण्याचे थेंब त्याच्यासोबत.

पंप खोलून दोंडाईच्याला आणला, धुळ्याहून नवीन एलिमेंट टाकून घेतलं. पुढच्या शनिवारी आप्पा स्वतः जाऊन बसवून आले. मी पुण्यात ऑनकॉल होतो. म्हणजे आमचा एक सर्व्हर रीस्टार्ट करत होतो.

काठावर मोबाइलला रेंज नाही. बाजाराच्या दिवशी धडगावला आल्यावर नाववाल्याने व्हिडिओ पाठवला, आप्पांनी तो मला. नाव पाड्याला टेकते. इंजिन बंद होतं. पोरं उतरतात, एकजण मुद्दाम पाण्यात उडी मारतो, कुणीतरी त्याला शिव्या घालतं, आणि हे सगळं स्वच्छ ऐकू येतं. मग हँडल, आणि धड धड धड.

मी आप्पांना फोन केला. म्हणाले, "धुराचा रंग नीट दिसत नाही. परत काढायला सांगतो."