माळ्यावरची गिटार

घराच्या माळ्यावर काय काय पडून असते याची खरी कल्पना माणसाला म्हातारपणीच येते. 2022 सालच्या उपवासकाळात, कौले बदलून घ्यावयाची म्हणून, आम्ही उभयतांनी वसईतील आमच्या जुन्या घराचा माळा रिकामा करावयास घेतला. पितळेची हंडी, भाताचे माप, मोडका पाळणा, आणि त्यांच्यामागे भिंतीला टेकवून ठेवलेली, काळ्या रेक्झिनच्या पिशवीतील गिटार. पिशवीची चेन गंजून बसली होती. ती उघडताना जो आवाज झाला, त्यासरशी आम्ही दोघेही एकमेकांकडे न पाहता हातातील कामाला लागलो.

ती गिटार आमच्या मुलाची. तिची हकिकत सांगितल्यावाचून पुढचे काही सांगता येणार नाही.

आम्हा दोघांतील एकाने अठ्ठावीस वर्षे आमच्या धर्मग्रामाच्या गायकवृंदात पेटी वाजवली व वृंदाची धुराही वाहिली. दुसरीने तितकीच वर्षे त्याच वृंदात वरच्या पट्टीतील स्वर सांभाळला. 1991 सालच्या आगमनकाळात नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेची तालीम चालू असता आमचा सतरा वर्षांचा मुलगा गिटार घेऊन सभागृहात आला. दोन महिने कुणाला कळू न देता त्याने 'सायलेंट नाइट' बसवले होते. एक कडवे तरी गिटारवर होऊ द्यावे, एवढीच त्याची मागणी. वीसेक गायकांच्या देखत आम्ही त्याला सांगितले, हे देवळाचे वाद्य नव्हे, हॉटेलात वाजव. आधाराला शास्त्रही जोडले. पोप दहावे पायस यांनी 1903 साली देवळात पियानोला आणि ढोल-झांजांसारख्या उथळ वाद्यांना मनाई केली होती, हे आम्हांस पाठ होते. मुलाने चाचरत म्हटले, "पण बाबा, हे गाणं पहिल्यांदा गिटारवरच गायलं होतं ना?" त्यावरही आमचे उत्तर तयार होते. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून त्या बिचाऱ्या धर्मगुरूला नाइलाजाने गिटार घ्यावी लागली. आपली पेटी शाबूत आहे. सभागृहात हशा पिकला. मुलाने गिटार पिशवीत घातली आणि तो गेला.

येथे 'आम्ही' म्हणजे काय, ते स्पष्ट केले पाहिजे. बोलला एकच, दुसरी गप्प राहिली. पुढे कित्येक वर्षे त्या गप्प राहण्याचा हिशेब बोलण्याच्या हिशेबाहून जड वाटत आला आहे, असे ती म्हणते. त्या नाताळला मुलगा देवळात अगदी मागे, दारापाशी उभा होता. वृंदात तो परत आला नाही. 1999 साली तो मेलबर्नला गेला, संसारी झाला. फोन नियमित येत असे. बोलणे प्रकृतीचे, पावसाचे, नारळांच्या भावाचे.

2018 साली त्या गीतास दोनशे वर्षे पूर्ण झाली, तेव्हा त्याविषयी बरेच लिहून आले. आमच्याही वाचनात ते आले आणि आमच्या शास्त्राधाराची एकेक वीट निखळू लागली. योसेफ मोर या तरुण धर्मगुरूने ती कविता 1816 सालीच रचली होती. 24 डिसेंबर 1818 रोजी, साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावी, त्याने ती शाळामास्तर व ऑर्गनवादक फ्रान्झ ग्रूबर यांच्या हाती दिली आणि दोन आवाज, गायकवृंद व गिटार यांच्यासाठी चाल बांधून मागितली. त्याच रात्री मोरने गिटार वाजवीत वरचा आवाज धरला, ग्रूबरने खालचा. खुद्द ग्रूबरने 1854 साली ही हकिकत लिहून ठेवली. तीत बिघडलेल्या ऑर्गनचा उल्लेख नाही, उंदरांचा तर नाहीच; ती कथा मागाहून जोडली गेली. मोरच्या हस्ताक्षरातील गिटारची साथ लिहिलेला कागद 1995 साली उजेडात आला. म्हणजे आमच्या निवाड्यानंतर अवघ्या चार वर्षांनी.

आणि व्हॅटिकन महासभेचे काय? 1963 सालच्या उपासनाविषयक संविधानात पाइप-ऑर्गनचा गौरव आहे, तो आम्ही नेहमी सांगत असू. त्याच परिच्छेदात पुढे असेही आहे की, मंदिराच्या प्रतिष्ठेला शोभणारी, पवित्र कार्याला योग्य असलेली किंवा योग्य करून घेता येण्याजोगी इतर वाद्येही अधिकाऱ्यांच्या संमतीने उपासनेत घेता येतील. 'योग्य करून घेता येण्याजोगी' हे शब्द आम्ही 1991 साली वाचले नव्हते असे नाही. वाचून पुढे गेलो होतो.

असो. माळ्यावरून गिटार उतरल्यावर आठ दिवस ती खाटेखाली राहिली. मग, हे गाणे आपण शिकावे, असे आमच्यापैकी गप्प राहणारीनेच सुचविले. वसई रोडच्या एका दुकानात नव्या पोलादी तारा चढवून घेतल्या. शेजारचा नववीतील मुलगा आमचा गुरू झाला. दक्षिणा म्हणून त्याने दर खेपेला एक वाटी गूळपोहे मागितले व ते वसूल केले.

प्रथम दोघांनीही वाजवावयाचे ठरले होते. परंतु तिच्या बोटांच्या सांध्यांत आमवात. तेव्हा तिने गाणे पत्करले आणि वादन पेटीवाल्याकडे आले. पेटीवाल्याची मस्ती तीन दिवसांत उतरली. पेटीवर पट्टी दाबली की स्वर मिळतो. येथे स्वर बोटाच्या टोकाने कमवावा लागतो. दांडीवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांमध्ये तार दाबावयाची, आणि तीही शेजारच्या तारेला न शिवता. आठवडाभरात डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांना फोड आले, मग ते सुकून घट्टे पडले. "आजोबा, बोट पट्टीवर नको, पट्टीच्या अगदी अलीकडे. मग कमी जोर लागतो," असे गुरू वरचेवर बजावीत असे. एवढ्या सूचनेने निम्मे दुखणे थांबले.

हे गीत शिकावयास सोपे म्हणतात, कारण त्याला तीनच कॉर्ड पुरतात. मोरच्या कागदात गाणे डी मध्ये, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी दोनमध्ये आहे. त्याला डी, जी आणि ए-सेव्हन लागतात. एकेक कॉर्ड निराळी धरता येऊ लागली, तरी एकीवरून दुसरीवर जाईतो गाणे पुढे निघून जाई. त्यावर गुरूचा उपाय असा की, उजवा हात बाजूला ठेवावयाचा आणि डाव्या हाताने केवळ कॉर्ड बदलत राहावयाचे, न वाजवता. जेवणानंतर ओसरीवर बसून आम्ही ते मुके वादन करीत असू. रस्त्यावरून जाणाऱ्यांना काय वाटले असेल कोण जाणे!

तालाने मात्र आम्हांस हात दिला. सहा मात्रांची ती झुलती चाल म्हणजे आपल्या दादऱ्याची सख्खी बहीण. अंगठ्याने जाड तार, मग तर्जनी, मध्यमा, अनामिका, आणि परत मध्यमा, तर्जनी. सहा मात्रांना सहा आघात. अंगठा चुकला नाही तर पाळणा हलत राहतो.

खरी अडचण गळ्याची निघाली. गाणे पंचमापासून सुरू होते म्हणून सौम्य वाटते. पण शेवटच्या ओळींत ते तार सप्तकातील मध्यमापर्यंत चढते आणि संपताना थेट षड्जावर उतरते. सप्तकाहून चार स्वर अधिक एवढी त्याची झेप. एके काळी तो चढ सहज पार करणारा तिचा आवाज आता तेथे तुटू लागला. चार-पाच दिवस तिने गाणेच बंद केले. मग आम्ही पट्टी उतरवून ए वर, पांढऱ्या सहावर, आलो. ए, डी आणि ई-सेव्हन. ए मध्ये तीन बोटे एकाच घरात दाटीवाटीने बसवावी लागतात, हा वादकाला दंड. पण गळा मोकळा झाला.

या खटाटोपात एक गोष्ट उमगली, जी पेटीसमोर अठ्ठावीस वर्षे बसून उमगली नव्हती. पेटी गाण्याची चालच वाजवते. गाणारा तिच्यावर रेलतो, कित्येकदा तिच्या आड लपतो. गिटार चाल वाजवीत नाही. ती खाली कॉर्डची जमीन तेवढी अंथरते आणि त्या जमिनीवर आवाजाला एकट्याने चालावे लागते. तार छेडली की तिचा नाद विरू लागतो, त्या विरण्यातून शब्द वर येतो. सतरा वर्षांच्या मुलाला हे ठाऊक होते. त्या कडव्यात त्याला स्वतःचे वादन ऐकवावयाचे नव्हते. त्याच्या आईचा आवाज ऐकवावयाचा होता. हे तिने आम्हांस आता, बत्तीस वर्षांनी सांगितले. तालमीच्या आदल्या रात्री तो तिला तसे म्हणाला होता.

24 डिसेंबर 2023 रोजी संध्याकाळी सहा वाजता आम्ही मेलबर्नला व्हिडिओ कॉल लावला. तेथे तेव्हा रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. गुरूने मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. बोलावयाची वाक्ये आम्ही दोघांनी घोकून ठेवली होती, ती एकही आठवली नाही. म्हणून गाणेच सुरू केले. दुसऱ्या ओळीत एक कॉर्ड हुकली. चढावर तिचा आवाज थरथरला, पण तुटला नाही.

गाणे संपल्यावर पलीकडून काहीच ऐकू येईना. कॉल बंद पडला की काय असे वाटून आमच्यापैकी बोलणारा मोबाइलवर वाकला आणि म्हणाला, "अरे, त्या ऑर्गनला काही झालं नव्हतं. उंदीर वगैरे सगळं खोटं."

"मला ठाऊक आहे, बाबा," मुलगा म्हणाला. मग थोड्या वेळाने, "तिसरी तार उतरली आहे."

तो उठून गेला आणि स्वतःची गिटार घेऊन आला. ती त्याच्याकडे आहे हेही आम्हांस ठाऊक नव्हते. त्याने तिसरी तार मोकळी छेडली. आवाज समुद्र ओलांडून किंचित उशिरा पोहोचत होता. त्यामुळे बरोबरीने वाजवणे शक्य नव्हते, पण तार जुळविण्यास तेवढे पुरेसे होते. आम्ही खुंटी पिळली.

"जास्त झाली," तो म्हणाला. "जरा खाली घ्या. अजून थोडी. आई, तू तोवर पाणी पी."