मांजर, काच आणि कडकडाट

मोठ्या शोधांच्या गोष्टी वाचताना माझं लक्ष शोधापेक्षा त्याआधी ती माणसं काय करत बसली होती इकडेच जातं. आर्किमिडीज म्हणे अंघोळ करत होता. १९५८ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर गावी डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल हे दोन डॉक्टर भूल दिलेल्या मांजरीला ठिपके दाखवत होते!

आमच्या वाड्यातली जागी मांजरंसुद्धा दुधाच्या पातेल्याखेरीज कशाकडे बघत नाहीत. पण ह्यूबेलपाशी टंगस्टनची एक तार होती, टोकाला इतकी बारीक की मेंदूत सरकवली तर एका, अगदी एकाच पेशीचं बोलणं ऐकू यावं. पेशी बोलली की स्पीकरमधून ‘टक्’! कोट्यवधींच्या गलक्यात एकटीचं ऐकायचं म्हणजे बघा. मला पंगतीत शेजारचा काय म्हणतो ते कळत नाही.

पण पेशी बोलेचना. काचपट्टीवरचा काळा ठिपका दाखवला, पांढरा दाखवला, इकडे सरकवला, तिकडे सरकवला. बाई ढिम्म! आणि एकदा काच यंत्रात सरकवताना एकदम फटाक्यांची माळ लागावी तसा कडकडाट. ठिपक्याशी बाईंना कर्तव्यच नव्हतं. काचेच्या कडेची फिकट सावली मांजरीच्या डोळ्यावरून सरकली होती, त्या रेघेवर त्या खूश! तीही ठरावीक कलाची हवी. जरा जास्त फिरवली की पुन्हा मौन. दुसऱ्या पेशीला दुसऱ्या कलाची रेघ. थेट कचेरीसारखं, ‘आडवी रेघ? पुढच्या टेबलावर जा.’ फरक इतकाच, की इथे काम होतं.

पुढे या दोघांनी मांजरीच्या पिल्लांचा एकेक डोळा काही आठवडे शिवून ठेवला. हे वाचताना पोटात कालवतं. नंतर उघडलेला डोळा चांगला धड होता, पण मेंदूतल्या बहुतेक पेशी दुसऱ्या डोळ्याच्या पक्षात गेलेल्या. मोठ्या मांजराच्या बाबतीत मात्र असं पक्षांतर होत नाही! हे १९६३ साली छापून आलं. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळाच्या शस्त्रक्रियेची डॉक्टर इतकी घाई का करतात, त्याचं कारण या पिल्लांनी सांगितलं. १९८१ साली दोघांना नोबेल मिळालं. पिल्लांना काय मिळालं, ते कुठे लिहिलेलं नाही.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या चिमीचा एक डोळा आळशी आहे. त्याला कामाला लावायचं म्हणून डॉक्टरांनी चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी सांगितलीय. तिच्या आजींना हे मुळीच पसंत नाही.

“मोठी झाली की होईल हो आपोआप नीट! कशाला पोरीला छळायचं?”

मी त्यांना पिल्लांची गोष्ट सांगितली.

“मेल्यांना दुसरे उद्योग नव्हते?” आजी कडाडल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, “पण भाऊ, डोळा उघडल्यावर त्या पिल्लाला दिसलं ना?”

“त्या डोळ्यानं जवळजवळ नाहीच, आजी.”

आजी काही बोलल्या नाहीत. उठल्या, चिमीच्या फ्रॉकच्या खिशातली चुरगळलेली पट्टी काढली, आणि म्हणाल्या, “ये गं इकडे. आजचे किती तास राहिलेत?”