टोळीची वाटणी

बाबांच्या तेराव्याला नातेवाईक जमले आणि सगळं जवळजवळ ठरलंच. भावाला कुठल्यातरी आश्रमात ठेवायचं, माझं लग्न उरकायचं. आई आधीच गेलेली. साल २०१६; मी एकोणीस वर्षांची, भाऊ नऊ. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतल्या आमच्या खोलीच्या दारात तात्या चपला घालता घालता थांबले. म्हणाले, "पोर इथंच राहील. टोळी आहे अजून."

तात्या म्हणजे वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटातल्या बाबांच्या टोळीचे मुकादम. गाव पाटणकडचं. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे बाबांचा फंड आम्हाला मिळाला, पण पुढे. तोवर पगाराच्या दिवशी टोळीतला प्रत्येक जण पन्नास रुपये बाजूला काढायचा.

अनाथ मूल नातेवाइकाकडेच राहिलं तर बालसंगोपन योजनेत महिना ४२५ रुपये मिळतात, हे तात्यांनीच कुठूनतरी ऐकून आणलं. आत्या गावाहून येऊन राहिली होती, तिच्या नावानं अर्ज केला. मृत्यूचे दोन दाखले, रेशनकार्ड, बोनाफाइड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. राहायचं नवी मुंबईत आणि तहसीलसाठी गाठायचं ठाणं! रात्रभर ट्रक खाली करून तात्या सकाळच्या लोकलनं आमच्याबरोबर यायचे, दांडीला धरून उभ्यानंच डुलक्या घेत.

घरासमोर मूल आणि पालक असा फोटोही लागायचा. आत्या गाळ्यावर कांदा निवडून नुकती आली होती. केसांतली टरफलं झटकायला लागली, तर तात्या म्हणाले, "राहू दे, खरं दिसतंय." त्या फोटोत भावाच्या कॉलरवरही एक टरफल आहे.

४२५ चे २०२१ मध्ये १,१०० झाले, २०२३ मध्ये २,२५०. कोरोनात आई-वडील दोघंही गेलेल्या मुलांसाठी राज्यानं पाच लाखांची ठेव जाहीर केली, तेव्हा कोणकोणते कागद लागतात ते विचारायला लोक आत्याकडे येत. तिला सही येत नाही, यादी मात्र तोंडपाठ.

पण भाऊ वाढला तो शेजारच्या तीन घरांत. त्यांनी वार वाटून घेतले होते. ज्यांचा वार, तिथं त्याचं दुपारचं जेवण. तात्यांनी त्याला काम लावलं, तिन्ही घरांचं दळण आणायचं. "फुकट जेवलं की पोर मान खाली घालून जेवतं," म्हणायचे. आफ्रिकेतल्या एस्वातिनीत एड्सनं अनाथ झालेल्या मुलांना वस्तीतल्या बायका एकत्र रांधून जेवू घालतात, असं मध्यंतरी वाचलं. मनात आलं, तिथं दळण कोण आणत असेल?

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, भावाला अठरा पूर्ण झाली, योजना संपली. तात्या आता गावी असतात. फोनवर सांगितलं.

"बरं. आणि दळण?"

"आता पिठाची पिशवीच आणतो, तात्या."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "त्याच्याकडं दे फोन."