एका तासात काय सांगणार आहेस?

राजारामपुरी, कोल्हापूर

चि. बाळास,


काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मला झोप लागली नाही. आपल्या घरातलं कुणीतरी आपण होऊन म्हणालं, की वयात येणाऱ्या मुलांशी मी बोलायला जातो. पुण्यात नोकरी सांभाळून शनिवार-रविवार एका गटाबरोबर शिकलास, आणि इतके दिवस बोलला नाहीस! फार बरं वाटलं रे. पण लगेच पुढचं वाक्य आलं: "आत्ती, गणपतीला येतोय, आपल्या शाळेत एक तास मिळालाय, तेवढ्यात उरकतो. मुलींना दुसऱ्या खोलीत बसवणार आहेत. तुझे जुने तक्ते काढून ठेव." तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

एका तासात काय सांगणार आहेस? शरीराची चित्रं, एड्सची भीती आणि शेवटी 'काही शंका?' शंका कुणी विचारणार नाही. मागच्या बाकावर खसखस पिकेल, सर डोळे वटारतील, आभारप्रदर्शन होईल.

मी वर्गात प्रश्नपेटी ठेवत असे, आठवतं ना? नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. पहिल्या दिवशी निम्म्या चिठ्ठ्या कोऱ्या निघत, उरलेल्या चावट. मी त्या चावट चिठ्ठ्यांनाही सरळ उत्तरं देई, कारण बाई चिडतात का हे बघायलाच त्या आलेल्या असत. खऱ्या चिठ्ठ्या येत तिसऱ्या-चौथ्या खेपेला. 'रात्री चड्डी ओली होते, हा रोग आहे का, आईला कळलं तर?' 'सगळ्यांना मिसरूड फुटलं, मलाच नाही.' 'पाळी आली की आजी देवघरात जाऊ देत नाही, मी घाण झाले का?' 'मला मुली आवडत नाहीत, मित्रच आवडतो, मी वेडा आहे का?' आणि एकदा, बारीक अक्षरात, घरी मुक्कामाला येणाऱ्या एका नातेवाइकाबद्दल. ती चिठ्ठी पहिल्या दिवशी आली नसती. मी परत येते याची त्या मुलीनं आधी खात्री करून घेतली होती. मुलं प्रश्न विषयाला विचारत नाहीत, माणसाला विचारतात, आणि ते माणूस टिकणारं आहे की नाही हे ती आधी पारखतात.

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी 'तारुण्यभान'ची शिबिरं घेतली ती तीन-तीन दिवसांची. त्याही आधी, 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अभ्यास आला होता. दोन गावांतल्या बायका तपासल्या, तर शंभरात 92 जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास. आणि त्याआधी तपासणी झालेल्या शंभरात जेमतेम 8. वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं दुखणं. पंधराव्या वर्षी जिला कुणी धड सांगितलं नाही, ती पस्तिसाव्या वर्षी डॉक्टरांकडे जाईल कशी?

'लैंगिक शिक्षणानं मुलं बिघडतात' असं तुला कुणीतरी म्हणणारच. तर युनेस्कोनं 2018 साली जगभरचे अभ्यास एकत्र पाहून सांगितलंय, की असं शिक्षण मिळाल्यानं मुलं लवकर शरीरसंबंधाकडे वळत नाहीत. हे पाठ करून ठेव. आपल्या राज्यात 2007 साली शाळांतला हा कार्यक्रम विरोधापायी बंद झाला, तेव्हाही हाच आक्षेप होता. र. धों. कर्व्यांनीही हेच ऐकलं. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकी गेली, 1927 पासून 1953 मध्ये जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. मासिकावरच्या 1934 च्या अश्लीलतेच्या खटल्यात त्यांच्या बाजूनं बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि तरी दंड झालाच. पुढच्याच महिन्यात अंक निघाला की नाही, एवढंच कर्वे बघत. मला त्यांचं धैर्य मोठं वाटतंच, पण त्याहून मोठा वाटतो तो त्यांचा नेम.

आता मुलींना दुसऱ्या खोलीत बसवण्याचं. काही गोष्टी वेगळ्या बसून बोलाव्या लागतात, मान्य. पण पाळी म्हणजे काय हे मुलांनी ऐकायचंच नाही? 2019 चा महापूर आठव. शिरोळकडची, चिखली-आंबेवाडीची माणसं बाहेर काढायला आपल्या तालमींची, मंडळांची पोरं छातीभर पाण्यात उतरली. म्हाताऱ्यांना पाठंगुळीला घेऊन आली. मला त्या पोरांचा फार अभिमान आहे. तीच पोरं मदतीच्या टेंपोतून सॅनिटरी पॅडची खोकी उतरवताना खाली मान घालून उभी होती. शेवटी एकानं खोकं वर्तमानपत्रात गुंडाळून छावणीच्या दाराशी ठेवलं आणि पळाला. आत पूरग्रस्त बायका ओल्या कपड्यांत बसलेल्या. वाईट मुलं नव्हती रे ती. त्यांच्याशी कुणी बोललंच नव्हतं. मुलीला निदान आई, मावशी, शाळेतली एखादी बाई काहीतरी सांगते. मुलाला कोण सांगतं? हातातला मोबाइल. त्यात त्याला बाई दिसते ती कशी दिसते, हे तुला मी सांगायला नको.

म्हणून तर तुझ्यासारखा पुरुष हे काम करतो म्हणाल्यावर माझा जीव सुपाएवढा झाला. शाहूंचं कोल्हापूर म्हणून आपण छाती फुगवतो. हेरवाडच्या ग्रामसभेनं 2022 साली विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला तेव्हा आपण पेढे वाटले. पण 2001 च्या जनगणनेत याच जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे 839 मुली होत्या. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायकांपैकी जवळजवळ 22 जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं. यावर मुलींना एकट्यांना शहाणं करून काय होणार? मंडळाच्या मांडवात, तालमीच्या आखाड्यात, जिथं पोरं असतात तिथं जाऊन बसलं पाहिजे.

आणि तू काल एकदाही विचारलं नाहीस असं एक. उद्या एखाद्या मुलानं तुला सांगितलं, की माझ्या बाबतीत असं असं झालंय, तर काय करशील? 'कुणाला सांगणार नाही' असं वचन चुकूनही देऊ नकोस. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पोक्सो कायद्यानं, मूल अठराच्या आतलं असेल तर कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर फळ्यावर लिहून ठेव. शाळेतलं कोण माणूस सोबत येईल हे आधी ठरव. मुलाला सगळं परत परत सांगायला लावू नकोस, ऐकून घे आणि 'तुझी चूक नाही' एवढं म्हण. सगळ्यात जास्त काळजी मला याचीच लागून राहिली आहे. त्या मुलाचं बोलणं ऐकून घेऊन तू रविवारी रात्रीची गाडी धरून पुण्याला गेलास, तर सोमवारी ते मूल कुणाकडे बघेल?

वहिनीला सांगू नकोस म्हणालास. मी सांगणार आहे. ज्यानं दुसऱ्यांच्या आयांना बोलवायचं, त्यानं स्वतःच्या आईपासून लपवायचं हे बरोबर नाही. दादा चिडेल, दोन दिवस जेवताना बोलणार नाही, मग पेपरातलं कात्रण तुझ्या पुढ्यात ठेवेल. त्याला मी तुझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखते. आणि शाळेतही पहिली बैठक पालकांची घे. आधी विचारलं की पुष्कळसा विरोध ओसरतो. बापांना बोलावणं मात्र नावानं पाठव, नाहीतर नुसत्या आयाच येतील.

तक्ते माळ्यावर आहेत, पण मी ते काढत नाही. मुख्याध्यापकांकडून पालकांची एक बैठक आणि महिन्याच्या अंतरानं निदान चार तास लेखी मागून घे. तुला दर खेपेला येणं जमणार नसेल तर इथल्याच, आपल्या गल्लीतल्या एखाद्या मुलाला आणि मुलीला सोबत घेऊन तयार कर. पेटी मी देते. हे जमत असेल तर गणपतीत नक्की ये, आणि जमत नसेल तर तो एक तासही घेऊ नकोस.

तुझी,
आत्ती