गाडी कुठं तापते?

गाडी तापते म्हटलं की प्रत्येक मेकॅनिकचा हात त्याच्या ठरलेल्या पार्टकडे जातो. आमच्या प्रीमियर पद्मिनीचा एकाने फॅनबेल्ट बदलला, दुसऱ्याने वॉटर पंप, तिसऱ्याने थर्मोस्टॅट काढूनच टाकला. गाडी १९८४ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली, वडिलांनी जिवापाड जपलेली. ते गेल्यावर ती विकायचा विषय निघाला तेव्हा मीच ठाम नाही म्हटलं होतं. त्यामुळे तिचं हे दुखणं माझ्या फार जिव्हारी लागायचं.

कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीच्या गर्दीत, भर उन्हातही तापमानाचा काटा जागचा हलायचा नाही. रत्नागिरीहून परतताना मात्र साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलं की निम्म्या वाटेतच तो लाल पट्ट्याकडे सरकायचा. मग गाडी कडेला, बॉनेट वर आणि नुसतं थांबणं. इंजिन निवेपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही आणि तापल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हे वडिलांनी लहानपणीच बजावलं होतं. उकळतं पाणी उसळून माणूस भाजतो, गार पाण्याने हेडला तडा जाऊ शकतो. ट्रकवाले आपणहून थांबायचे, पाण्याचा कॅन पुढे करायचे. त्यांनाही जरा दम धरा म्हणावं लागे.

थर्मोस्टॅट काढायचा उपाय मला तेव्हाही पटला नव्हता. ती झडप गार इंजिनाला लवकर कामाच्या उष्णतेवर आणते. ती काढली की इंजिन उशिरा तापतं आणि पेट्रोल जास्त खातं. घाटात गाडी उकळायची ती उकळलीच. म्हणजे दोष त्या झडपेत नव्हता.

शेवटी उद्यमनगरातल्या एका जुन्या रेडिएटरवाल्यांकडे गेले. बॉनेट उघडायच्या आधीच त्यांनी विचारलं, “ताई, कुठं तापतीय? गर्दीत का घाटात?”

“घाटात. गर्दीत काही होत नाही, मामा.”

“मग फॅनचं दुखणं न्हाई.”

निम्मं निदान तिथेच झालं. उभ्या गाडीत रेडिएटरला वारा फक्त फॅनचा. तो कमी पडला तर गाडी आधी गर्दीत तापेल. चढावर इंजिन जोर लावतं, उष्णता कितीतरी वाढते, आणि ती वाहून न्यायला पाणी भराभर फिरावं लागतं. फक्त तिथेच तापते म्हणजे पाण्याच्या वाटेत काहीतरी अडतंय. शंका हेड गास्केटचीही होती. ते गेलं असेल तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो. थंड इंजिनाचं झाकण काढून गाडी चालू केली, बुडबुडे नाहीत. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ नव्हतं.

मग इंजिन तापवून बंद केलं. मामांनी रेडिएटरच्या जाळीवरून तळहात फिरवला आणि मलाही फिरवायला लावला. वरच्या अंगाला चटका बसत होता, तळाशी एका बाजूला मात्र थंड पट्टा लागला. तिथल्या नळ्या क्षारांनी बुजल्या होत्या. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी पिऊन दुसरं काय होणार!

“पर एवढ्यानं उकळनार न्हाई,” मामा म्हणाले आणि त्यांनी पोराला रेस करायला सांगितलं.

मी वाकून बघत होते. रेडिएटरच्या तळातून पंपाकडे जाणारा जाड रबरी होज पाइप होता. इंजिनाचा आवाज चढला तसा तो मधोमध आत ओढला गेला, चपटा होत होत त्याच्या दोन्ही बाजू जवळजवळ चिकटल्या. पोराने पाय काढला आणि पाइप पुन्हा गोल झाला. आजवर तो कुणाच्या नजरेला का पडला नाही, ते कळलं. गाडी बंद असो की आयडलिंगवर, त्याच्यात खोट दिसतच नव्हती.

पंप त्या पाइपातून पाणी खेचतो. ओढीने पाइप चिमटू नये म्हणून आत स्प्रिंग असते. मामांनी पाइप काढून उलटा धरला तेव्हा तिचे गंजलेले तुकडे खाली पडले. नळ्या बुजल्यामुळे पाणी कमी यायचं, म्हणून पंपाची ओढ वाढायची, त्या ओढीने मऊ पडलेलं रबर चिमटायचं आणि पाणी आणखी अडायचं. एक दोष दुसऱ्याला पोसत होता.

पितळी टाक्या उघडून रॉडिंग केलं, पुन्हा झाळ दिली. स्प्रिंगसकट नवा पाइप घातला, थर्मोस्टॅट परत बसवला. झाकणही बदललं. कुकरसारखाच दाब राखून ते पाणी १०० अंशांवर उकळू देत नाही, आणि आमच्या झाकणाची स्प्रिंग पार थकली होती.

आता रेडिएटरमध्ये कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच जातं. घाटात काटा मधल्या खुणेच्या जरा वर येऊन थांबतो. दर वळणाला मी तो बघतेच. टाकीच्या एका कोपऱ्यात झाळीपाशी बारीक पाझर दिसतोय. गणपतीत कोकणात उतरायच्या आधी गाडी मामांकडे न्यायची आहे.