गाळलेली पाने

भुताखेतांच्या कादंबऱ्यांविषयी आमचे मत आजवर फारसे अनुकूल नव्हते. लहानपणी वेताळपंचविशी ऐकली, तरुणपणी नारायण धारपांची चार-दोन पुस्तके वाचनालयातून आणून उशीखाली दडविली, आणि पुढे संसारात खरीखुरी भुते इतकी भेटली की छापील भुतांची गरज उरली नाही. अशा आमच्या बडोद्याच्या घरी गेल्या दिवाळीच्या सुटीत नात ब्रॅम स्टोकर यांचे ‘ड्रॅक्युला’ विसरून गेली. विसरण्यापूर्वी ती आजीला म्हणाली होती, “आजी, तू हे वाचू नकोस हं. तुला झेपायचं नाही.” बत्तीस वर्षे मराठी शाळेत पोरे हाकलेल्या बाईला असे कोणी सांगू नये. नात गाडीत बसली नसेल तोच हिने फर्मान सोडले, “अहो, ते पुस्तक काढा.”

हिला बारीक टाइपाचे इंग्रजी वाचण्याचा कंटाळा. तेव्हा असे ठरले की रात्री जेवणानंतर झोपाळ्यावर बसून आम्ही वाचावे आणि वाचता वाचता मराठीत सांगत जावे. याला आणखीही एक कारण होते. हिची प्रकृती पावसाळ्यापासून ठीक नव्हती. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी आम्हाला व चिरंजीवांना बाजूच्या खोलीत बोलावून आतड्यात गाठ आहे व ती चांगली नाही असे सांगितले. शस्त्रक्रियेला तीन आठवडे होते. बापलेकांनी जिन्यातच ठरवून टाकले की हिला यातले काही कळू द्यायचे नाही. आतड्याला जखम आहे, एवढेच सांगायचे. आमचा हेतू वाईट नव्हता.

पुस्तक १८९७ सालचे. स्टोकर मूळ डब्लिनचे, लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचे व्यवस्थापक. ज्या ट्रान्सिल्व्हानियाचे वर्णन वाचून अंगावर काटा येतो, ती भूमी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. १८९० साली ते व्हिटबी या समुद्रकाठच्या गावी उतरले असताना तेथील ग्रंथालयातल्या एका जुन्या पुस्तकात त्यांना ‘ड्रॅक्युला’ हे नाव सापडले. बडोदेकरांसाठी यात एक गंमत आहे. वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत सजवून १८७० साली छापणारे रिचर्ड बर्टन हे १८४२ साली कंपनीच्या पलटणीत प्रथम आले ते आमच्याच बडोद्याच्या छावणीत. पुढे स्टोकर यांची त्यांच्याशी ओळख झाली, आणि बोलताना बर्टनसाहेबांचा सुळा कसा चमके, याची आठवण स्टोकर यांनी १९०६ सालच्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. त्यावरून काउंटचे दात घडले असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणत नाही. ही मात्र म्हणाली, “म्हणजे भूत आपल्याच गावचं!”

कथा रोजनिश्या, पत्रे, तारा आणि वर्तमानपत्रांची कात्रणे यांतून उलगडते. जोनाथन हार्कर हा तरुण वकील काउंटच्या गढीत अडकतो, ती सुरुवातीची प्रकरणे हिने पाय वर घेऊन ऐकली. लूसी या गोड मुलीचे रक्त रात्रीमागून रात्र शोषले जाते. चार पुरुष तिला आळीपाळीने आपले रक्त देतात. (रक्तगटांचा शोध १९०१ च्या सुमाराचा, तेव्हा त्या चौघांचे रक्त तिला मानवले हाच खरा चमत्कार.) ती मरते, मरूनही फिरू लागते, लहान मुलांना धरते, आणि शेवटी ज्याच्याशी तिचा विवाह व्हायचा होता, त्याच्याच हातून तिच्या छातीत खुंटा ठोकला जातो. तो प्रसंग आम्ही दोन वाक्यांत आटोपला. “पान लवकर उलटलंत,” ही म्हणाली. आम्ही चष्मा पुसला.

परंतु या पुस्तकाचा प्राण काउंट नव्हे, मीना आहे. हार्करची ही बायको शाळेत शिकवणारी. लघुलिपी आणि टंकलेखन शिकलेली. शूरवीर पुरुष तलवारीच्या गोष्टी बोलत असताना ही बाई सगळ्यांच्या रोजनिश्या गोळा करते, डॉक्टरांच्या फोनोग्राफच्या नळकांड्यांवरचे बोल कानाला लावून उतरवून घेते, तारीखवार लावते, तीन-तीन प्रती काढते. पुढे काउंट येऊन मूळ कागद आणि नळकांडी जाळतो, तेव्हा तिजोरीतली एक प्रत वाचलेली असते म्हणून सारे वाचतात. आमच्या शिक्षिका इथे फार खूश झाल्या. “पटावरून हजेरी लावलेली बाई आहे ही. असंच पाहिजे.”

मग ते प्रकरण आले. तिच्याच कागदांच्या बळावर सगळा उलगडा झाल्यावर ती सज्जन मंडळी ठरवतात, की यापुढे हे भयंकर काम स्त्रीच्या मनाला झेपणारे नाही. तिला काही सांगायचे नाही. तिने झोपावे. ते रात्री शत्रूच्या घरात शिरतात, आणि ती ज्या घरात एकटी निजलेली असते तेथे शत्रू येतो. सकाळी ती फिकट दिसते. नवऱ्याला वाटते, काळजीने दमली. त्यालाही ती काही विचारत नाही, कारण विचारायचे नाही असे ठरले आहे.

हे प्रकरण आम्ही गाळू लागलो. खरे सांगायचे तर ओळी दिसतच नव्हत्या. काहीतरी जुळवून पुढच्या पानावर गेलो, तो हिने झोपाळा पायाने थांबवला.

“मधलं काय झालं?”

“विशेष काही नाही.”

“मग तिला न सांगता हे सगळे गेले कुठे? आणि का?”

आम्ही मागे वळलो आणि वाचले. एकेक ओळ मराठीत आणून सांगितली. ही ऐकत होती, समोरच्या भिंतीकडे पाहत. शेवटी एवढेच म्हणाली, “इतक्या शहाण्यांत एकालाही वाटलं नाही, की तिला विचारावं?”

त्या रात्री आम्ही सांगितले. कसे सांगितले ते येथे लिहिण्याजोगे नाही. ही रडली नाही. बराच वेळ गेल्यावर म्हणाली, “जखमेला एवढं मोठं ऑपरेशन करत नाहीत, इतकं मला कळतं. उद्या ती फाइल मला द्या.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या मेजावर सगळे रिपोर्ट पसरले. हिने ते तारखेनुसार लावले, शाळेतल्या एका कोऱ्या वहीत उतरवले, आणि मग स्वयंपाकघरातून हिशेबाची वही आणली. डॉक्टरांना आम्ही त्रास दोन महिन्यांचा सांगितला होता. हिच्या हिशेबात इसबगोलाची पहिली पुडी वैशाखातली निघाली. आणि त्यापुढे दर महिन्याला एक. “मला कोणी विचारलं होतं?” डॉक्टरांनी ती वही पाहिली, आपली नोंद बदलली आणि शस्त्रक्रियेपूर्वी आणखी एक स्कॅन करून घेतला.

पुढल्या रात्री वाचन चालू राहिले. आता हिला भीती वाटत नव्हती, आम्हाला वाटत होती. काउंटने मीनावर जो अत्याचार केला त्यातून दोघांच्या मनात एक धागा जुळला आहे, आपण ऐकलेले त्याला कळू शकेल, हे ध्यानात येताच मीना स्वतःच मंडळींना सांगते, की तुमचे बेत आता मला सांगू नका. न सांगणे पहिलेच. पण या वेळी ते तिने मागितले होते. आणि त्याच धाग्याचा उपयोग करून, संमोहनाखाली पाण्याचा आणि जहाजाचा आवाज ओळखून ती शत्रूचा माग देते. पेटी कोणत्या नदीने वर जाईल हेही नकाशे पाहून तीच ठरवते. येथवर आलो आणि इस्पितळाची तारीख आली. “उरलेलं परत आल्यावर,” म्हणत हिने खूण म्हणून बसचे तिकीट पानात घातले.

परत यायला अकरा दिवस लागले. औषधांचे फेरे अद्याप चालू आहेत. त्यांच्या तारखा त्याच वहीत आहेत. केस गेले, तेव्हा ही म्हणाली, तेलाचा खर्च वाचला. शेवटचे प्रकरण आम्ही माघात वाचले. सूर्य बुडता बुडता हार्करची कुकरी आणि क्विन्सीचा सुरा काउंटवर पडतो. हार्करच्या हाती आपल्याकडच्या गुरख्यांची कुकरी कोठून आली, हा प्रश्न आम्हाला पडला. हिला दुसराच पडला.

“मीनाच्या हातात पिस्तूल होतं ना?”

“होतं. खडकाआडून रोखून उभी होती.”

“मग झाडू का दिलं नाही?”

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुस्तक मिटून कपाटात ठेवण्यासाठी उठलो, तो हिने हात धरला.

“बसा. ते लूसीचं पान तुम्ही गाळलंत. आणि काउंट मीनाच्या खोलीत सापडतो, तेही. आता ते वाचा. सगळं.”

आम्ही चष्मा चढविला आणि पाने मागे उलटू लागलो.